आवाज नको, फक्त ओठ

भाविक नावाचा आमचा दिग्दर्शक माणूस वाईट नव्हता, पण आवाज बंद केला की माणसं गप्प होतात असं त्याला वाटायचं. भिवंडीत पिक्चर काढायला आलेल्या माणसाने असं समजावं म्हणजे कमालच होती. मला त्याचं हसू यायचं. पुढे ते हसू माझ्याच घशात अडकणार आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

पिक्चरची गोष्ट अशी. नाव न सांगितलेल्या कुठल्या तरी दूरच्या देशात एका जमातीची कत्तल होते आणि एक पत्रकार बाई तिथे जाऊन पोचते. स्फोटात तिचे कान जातात. छावणीतल्या बायका तिला घडलेलं सांगत राहतात, तिला काही ऐकू येत नाही, पण ती त्यांच्या तोंडांकडे बघत राहते. मानकोलीच्या एका रिकाम्या गोदामात ही छावणी उभी केली होती. त्या छावणीतल्या बायका भिवंडीतून जमवून आणायचं काम माझ्याकडे होतं.

मी रमशा. वय तेवीस, इथल्याच एका मराठी दैनिकाची वार्ताहर. कत्तली वगैरे माझ्या वाट्याला येत नाहीत. माझ्या वाट्याला धामणकर नाक्यावरचे खड्डे, टँकरची भांडणं आणि शॉर्टसर्किट. त्यामुळे पिक्चरसाठी पंधरा दिवसांची सुट्टी मागितली तेव्हा संपादकांनी लगेच दिली. खड्डे कुठे जाणार आहेत, म्हणाले.

आता त्या आवाजाचं सांगते. ज्याने लूम, म्हणजे यंत्रमाग, चालताना पाहिलेला नाही त्याला हे कळणार नाही. एका शेडमध्ये बारा लूम एकदम खडखडायला लागले की शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडलं तरी उपयोग नसतो. म्हणून कारखान्यातली माणसं ओठांनी बोलतात. आवाज काढतच नाहीत, नुसते ओठ हलवतात आणि समोरचा वाचतो. रस्त्याच्या पलीकडून, खिडकीतून, काचेआडून, कुठूनही वाचतो. भांडण झालं आणि ऐकायचं नसलं की डोळे मिटून घेतात, मग समोरच्याने कितीही तोंड चालवलं तरी फुकट. वीस-तीस वर्षं लूमवर काढली की कान तसेही जातात, आणि मग हीच बोली घरीही चालते.

मला ही बोली ठकुबाईने शिकवली. मोहिउद्दीन शेठ म्हणजे माझे नाना, माझ्या अम्मीचे वडील. कारखाना त्यांचा, आणि ठकुबाई तिथे कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. शाळा सुटली की मी तिच्यापाशी जाऊन बसायची. ती मला शब्द शिकवायची आणि चुकले की खुदुखुदु हसायची, कारण प, ब आणि म ही अक्षरं ओठांवर हुबेहूब सारखी दिसतात. एकदा एका कारागिराने पान मागितलं आणि मी जाऊन त्याची मान दाबून दिली. वर्षभर मला त्यावरून चिडवत होते.

तिचा नवरा नवशा चाळीस-एक वर्षांपूर्वीच्या दंगलीत गेला होता. नानांच्याच कारखान्यात, रात्रपाळी करून, दंगलीच्या भीतीने शेडला बाहेरून कुलूप लावून घेऊन आत झोपलेल्या नऊ जणांत. आठ उत्तरेकडचे विणकर आणि पडघ्याच्या बाजूचा हा एकटा. जमावाला कोण कुठला हे विचारायला सवड नव्हती. आमच्या घरात ही गोष्ट एका ठरलेल्या वाक्यात सांगितली जायची: जमावाने कुलूप फोडलं, माणसं गेली, पण अल्लाच्या मेहेरबानीने बाराच्या बारा लूम वाचले. नानांनी नंतरही ठकुबाईला कामावर ठेवलं, केवढं मोठं मन, असंही पुढे जोडलं जायचं. मी ते शंभरदा ऐकलं होतं. नऊ माणसं आणि बारा लूम एकाच वाक्यात बसतात कसे, हे मला कधी खटकलं नाही.

शूटिंगच्या दिवशी दुपारी भाविकने बायकांना ओळीने बसवलं. त्याला ठकुबाईचा चेहरा फार आवडला होता. कॅमेरा तिच्यासमोर हातभर अंतरावर आणून तो म्हणाला, "आजी, काहीही बोला. गाणं म्हणा, पाढे म्हणा. आवाज नको, फक्त ओठ हलू देत." तिला ऐकू आलं नाही, म्हणून मी तिच्यासमोर जाऊन ओठांनी तेच सांगितलं. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि मान डोलावली.

मी मॉनिटरपाशी येऊन उभी राहिले. शेजारची बाई नुसते ओठ हलवत भाजीची यादी म्हणत होती, ते वाचून मला हसू आलं होतं. मग पडदाभर ठकुबाईचं तोंड आलं.

चावी शेठनं दिली. मोहिउद्दीन शेठनं. लोकं दारात व्हती, त्यानं खिशातून काढून दिली. बोलला, मालाला हात लावू नका. माझा नवशा आत व्हता.

एवढंच, आणि पुन्हा पहिल्यापासून. तीन वेळा. डोळ्यांत पाणी नाही, चेहऱ्यावर राग नाही. एखाद्याला पत्ता समजावून सांगावा तशी ती नीट, सावकाश, ओठ उघडून सांगत होती. भाविक मात्र खूश होता. "वा. काय दुःख आहे चेहऱ्यात," तो म्हणाला. त्या सबंध गोदामात ते वाचता येणारी माझ्याशिवाय आणखी कोण आहे हे बघायला मी मान वळवली. बायका आपापल्या जागी कॅमेऱ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. कोणी वाचलं नव्हतं.

संध्याकाळी मी ठकुबाईला पडघ्याच्या गाडीत बसवून दिलं. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. नगरसेवकाला तोंडावर प्रश्न विचारते म्हणून माझी ऑफिसात ख्याती आहे, आणि घरी तीन आठवडे मी नानांच्या ताटात भाकरी वाढत राहिले आणि एक शब्द विचारला नाही. लांबलचक पिक्चर, कधी येईल, त्यात तो तुकडा राहील की कापला जाईल, असं मनाला समजावत होते.

मग एका सकाळी नऊ वाजता भाविकचा फोन आला. पिक्चरची पहिली झलक आज संध्याकाळी पाच वाजता मोबाइलवर सगळीकडे सोडणार होते. सुरुवातीचे वीस सेकंद नुसता ठकुबाईचा चेहरा, मागे संगीतसुद्धा नाही. "तुमच्या भिवंडीची बाई आहे, तुमच्या लोकांना पाठवा," तो म्हणाला.

आमच्या लोकांना पाठवायची गरज नव्हती. पाच वाजता निघालं की साडेपाचला ते नाक्यावरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर असणार होतं. निम्म्या शहराने लूमवर आयुष्य काढलंय. वीस सेकंदांत ते सगळं एकदा पुरतं सांगून होत होतं, मोहिउद्दीन या नावासकट.

मी नानांच्या खोलीत गेले. ते खिडकीपाशी बसून पेपर वाचत होते. पंचाहत्तरीचे आहेत, कान पूर्ण गेलेत, नजर मात्र शाबूत आहे. मी समोर उभी राहिले आणि आवाज न काढता विचारलं, "नाना, चावी तुम्ही दिली होती का?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. खालच्या गल्लीतले लूम खडखडत होते, तेवढाच आवाज. मी तशीच उभी राहिले. डोळे उघडल्यावर त्यांनी विचारलं, "कोणी सांगितलं?"

मी सगळं सांगितलं. ठकुबाई, कॅमेरा, पाच वाजता येणारी झलक. दारासमोरच्या माडीवर कांडीच्या खोलीची खिडकी होती, तिथून तिने त्यांचे ओठ वाचले असणार, एवढं मी ताडलं होतं. कानावर पडलेलं नाही, डोळ्यांनी वाचलेलं. "तुम्ही म्हणालात मालाला हात लावू नका," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

नाना बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "माल नाही गं बेटा," ते म्हणाले. "बाळ. मी म्हटलं, बाळाला हात लावू नका. तुझी अम्मी, आमची हमिदा, वर्षाचीसुद्धा नव्हती. एकाने माझ्या हातातून ओढून घेतली होती, पायाला धरून उलटी लटकवली होती. चावी दे नाहीतर आपटतो म्हणाला. मी काय करायला हवं होतं, तू सांग."

माल आणि बाळ. मालाला, बाळाला. मी तिथेच आरशासमोर जाऊन दोन्ही शब्द म्हणून पाहिले, हुबेहूब एकसारखे; ल आणि ळ तर ओठांवर उमटतच नाहीत. पान आणि मान. चाळीस वर्षं ती बिचारी एक शब्द चुकीचा वाचून बसली होती. मला इतकं हलकं वाटलं की त्या हलकं वाटण्याची नंतर लाज वाटली. मी नानांच्या गळ्यात पडून रडले आणि नानाही रडले. "तो तुकडा काढून टाकायला सांग," ते डोळे पुसत म्हणाले. "ठकुला काही बोलू नकोस. म्हातारी आहे, तिला कशाला त्रास."

मी भाविकला फोन लावला. ती चेहरा दाखवायला नको म्हणतेय, असं खोटं सांगायला सुरुवात केली आणि मलाच ते जमेना. शेवटी म्हटलं की ती जे बोलतेय त्यात एक मोठी चूक आहे.

"बोलतेय?" तो म्हणाला. "ती काही बोलत होती?"

मग तो म्हणाला, "हे बघा, चेहरा तिचा आहे. तिने नको म्हटलं तर काढतो. तीनपर्यंत सांगा. तुम्ही नको म्हणून काढणार नाही." मनातल्या मनात मी त्याला शिव्या घातल्या, पण तो बरोबर होता.

नाशिककडे जाणाऱ्या हायवेला ट्रकांची रांग लागली होती. पडघ्याला उतरून ठकुबाईच्या घरी पोचायला एक वाजला. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. तिला दुखवायचं नाही, आधी प-ब-मची आठवण करून द्यायची, पानाची आणि मानेची गंमत काढायची, मग हळूच सांगायचं. उलट तिला बरंच वाटेल, असं मला वाटत होतं. ज्या माणसाच्या कारखान्यात तीस वर्षं काढली त्याने तिच्या नवऱ्याला मालासाठी विकलं नव्हतं, हे कळलं तर कोणाला बरं वाटणार नाही.

ठकुबाई पडवीत बसून सुपात वाल निवडत होती. मला बघून तिने सूप बाजूला सरकवलं. "ये बाय. जेवलीस का?" तिचा खरा आवाज कर्कश आहे, स्वतःला ऐकू येत नसल्याने. मी न जेवताच हो म्हटलं.

"ठकुबाई, तू कॅमेऱ्यापुढे बोललीस ते मी वाचलं."

"मना म्हाईत हाय. तू वाचशील म्हनून तर बोलली."

"आज पाच वाजता ते सगळ्यांना दिसणार आहे. सगळे वाचतील."

"वाचूं दे की," ती म्हणाली. "चाळीस वर्सं झाली. पोलीस आले तवा विचारलं, काय ऐकलंस? मी काय सांगनार? ऐकलं न्हाय, बगितलं. ओठ बगितलं म्हनलं तं साहेब हसला. मग ह्यो कॅमेरेवाला आला आन् बोलला, आवाज नको." ती जराशी हसली. "आवाज नको असं मना पयल्यांदाच कोनी बोललं."

मग मी तिला माझं जुळवलेलं सांगितलं. ओठ मिटून सुटणारी अक्षरं, पान आणि मान, माल आणि बाळ. नानांनी काय सांगितलं तेही. मी बोलत असताना ती माझ्या तोंडावरची नजर काढत नव्हती. मध्ये एकदा वाटलं की ती हसणार, लहानपणी चुकले की हसायची तशी.

"ही अक्षरं सारखी दिसतात हे तुला कोनी शिकवलं?" तिने विचारलं.

"तूच."

"मंग. कोनी पान मागितलं तं मी त्याची मान दाबीत न्हाय." तिने दोन वाल उचलले, बघितले आणि खाली ठेवले. "बाळ व्हतं म्हनतो? कोनाच्या हातात?"

"जमावातल्या एकाच्या. पायाला धरून लटकवलेलं."

मग तिने आवाज टाकून दिला आणि नुसत्या ओठांनी बोलायला लागली, कारखान्यात बोलायची तशी.

"बाळ माझ्या कडंवर व्हतं, बाय."

मला वाटलं मी चुकीचं वाचलं. तिने पुन्हा सांगितलं आणि या वेळी हाताने कमरेवर थोपटून दाखवलं.

"तुझी नानी तापानं पडली व्हती. चार दिस हमिदा माझ्याकंच कांडीच्या खोलीत. त्या दिशीबी. मी तिला घेऊन खिडकीत उभी व्हती. खाली लोकं, दारात शेठ, हात मोकळं. त्यानं खिशात हात घातला, चावी काढली, बोलला ते मी वाचलं. हमिदा रडंल आन् त्यांना कळंल म्हनून तिच्या तोंडात बोट घातलं माझं. दोन दात आलं व्हतं तिला. चावली. मी तसंच ठेवलं. आतून नवशाचा आवाज येत व्हता का न्हाय ते मना आजून म्हाईत न्हाय. शेजारच्या कारखान्यांचं लूम चालू व्हतं."

पडवीत ऊन आलं होतं.

"सांजच्याला शेठ वर आला तवा हमिदा मी त्याच्या हातात दिली," ती पुढे म्हणाली. "तवा त्यानं माझ्या तोंडाकं बगितलं. मी बोलली, मी वाचलं. आवाज नाय काढला. त्यानंतर तीस वर्सं मी तिथं काम केलं, बाय, पन त्यानं माझ्या तोंडाकं परत बगितलं न्हाय."

हे मात्र मला आठवत होतं. नाना तिला काम सांगायचे ते नेहमी पाठ फिरवून, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या तर्फे. मला ते अदब वाटायचं. परक्या बाईकडे बघू नये म्हणून.

"तू तिथे राहिलीस कशी?" मी विचारलं.

"जाऊ कुठं? आन् मी समोर हाय हे त्याला रोज कळत व्हतं की."

"काढायला सांगू का ते?" माझ्या तोंडून निघून गेलं आणि मला स्वतःची शिसारी आली. तिने ते वाचलं होतं. तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

"मी माझं बोलली. तुझा नाना हाय, तुझ्या पेपरात तू लिवतेस. तू ठरव." आणि ती वाल निवडायला लागली, मान खाली घालून. म्हणजे आता तिला काही ऐकायचं नव्हतं.

आमच्या पेपरात आम्ही दंगल लिहितो. दंगल म्हटलं की दोन बाजू आल्या, दोघांनी मारलं, दोघांचे मेले. कुलूप लावलेल्या शेडमध्ये झोपलेल्या नऊ माणसांची दुसरी बाजू कुठली, हे मला त्या पडवीत बसेपर्यंत सुचलं नव्हतं. मला नानांचा राग आला, चावीचाही आला, पण त्याहून जास्त सकाळी रचलेल्या त्या बाळाच्या गोष्टीचा आला. स्वतःची पोर त्यांनी चाळीस वर्षांनी परत उचलून जमावाच्या हातात दिली होती, आणि ज्या बाईने तिला वाचवलं तिला त्या गोष्टीतून साफ पुसून टाकलं होतं. आणि मी त्यांच्या गळ्यात पडून रडले होते.

पावणेतीनला मी हायवेवरून भाविकला फोन केला.

"ठेवा," मी म्हटलं. "चूक तिची नव्हती."

"ती काय म्हणतेय ते खाली लिहून देऊ का?"

"आमच्या इथे गरज नाही. बाकीच्यांसाठी द्या. मी शब्द पाठवते." उभ्या उभ्या, ट्रकांच्या धुरळ्यात मी ती पाच वाक्यं टाइप केली. नानांचं नाव लिहिताना बोट थांबलं. मग लिहिलं, मागे शेठ लावलं, आणि पाठवून दिलं.

घरी पोचले तेव्हा पाच वाजायला पाच मिनिटं कमी होती. अम्मी स्वयंपाकघरात होती. तिला मी अजून काही सांगितलेलं नव्हतं, तिला काय आणि कसं सांगायचं याचा विचार करायलाही धीर होत नव्हता. नाना खिडकीपाशी तसेच बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"काढला ना?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या समोर उभी राहिले, उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी. आवाज काढला नाही, फक्त ओठ हलवले. सावकाश, नीट, ठकुबाईने हलवले होते तसे.

"बाळ ठकुबाईच्या कडेवर होतं."

नानांनी डोळे मिटून घेतले.

शेजारच्या घरात कोणाचा तरी मोबाइल वाजला. मग खाली गल्लीत आणखी एक. मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. डोळे उघडल्यावर त्यांना सगळ्यात आधी माझं तोंड दिसणार होतं.